लाईट आल्याचा आवाज

श्रीगोंद्याहून काष्टीच्या अंगाला निघालं की ऊस आणि लिंबोणीच्या बागा आलटून पालटून लागतात. त्यातल्याच एका पांदीच्या शेवटी मामाची वस्ती आहे. चैत्रात चार दिवसांची रजा टाकून मी तिथं गेले, ती झोपा काढायला. चाकणच्या कारखान्यात माझं काम पॉवर सप्लाय तपासण्याचं. दिवसभर कानाशी पंखेच फिरत असतात. पहिल्याच रात्री साडेबाराला माजघरातून घरघर सुरू झाली. आधी वाटलं, एवढ्या रात्री मिक्सर कुणी लावला? मग आजी कूस बदलत पुटपुटली, "आली गं बाई." लाईट आली होती आणि इन्व्हर्टर बॅटरी भरायला लागला होता. उजाडेपर्यंत आजी जागी होती आणि तिच्याबरोबर मीही.

सकाळी ओट्यावर चहा घेताना मी विषय काढला. मामा आणि मी चांगला तासभर भांडलो. मामी चुलीपाशी भाकरी थापता थापता मधूनमधून निकाल देत होती. ते भांडण आठवतं तसं इथं उतरवते.

मी: मामा, इन्व्हर्टरचा पंखा असा कधीपासून ओरडतोय?

मामा: ओरडतोय कुठं? चालतोय. नवीन होता तेव्हा जरा दबकून चालायचा, आता भीड चेपली.

मी: तीन वर्षांत एवढी? रात्री आजीचा डोळ्याला डोळा लागला नाही.

मामा: अगं, आवाज आहे म्हणजे जीव आहे. तुझ्या आजोबांच्या वेळी विहिरीवर किर्लोस्करचं ऑइल इंजिन होतं. रात्रभर टुक टुक टुक. आम्ही पोरं तिथंच घोंगडं टाकून झोपायचो, आणि काय झोप लागायची! पण फूटव्हॉल्व्ह सुटला, पाणी तुटलं, की इंजिन मोकळं पळायचं. टुकटुक बदलली की मी उठून बसलेला असायचो. यंत्राचा आवाज बंद करणं म्हणजे बैलाच्या नाकाला फडकं बांधणं. काष्टीच्या बाजारात जाणता माणूस बैल आधी चालवतो, मग त्याच्या नाकाशी कान नेतो. धाप ऐकल्यावर पैशाचं बोलतो.

मी: हे पटलं. इंजिनाचा आवाज बदलला की तुम्ही उठायचात. ह्याचा आवाज तीन वर्षांत बदलला, तेव्हा कोण उठलं?

मामानं बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला आणि उत्तर दिलं नाही.

मामी: घ्या. बोला आता.

मामा: सवय झाली म्हणून नाही उठलो. रोज थोडा थोडा वाढला तर कुणाच्या ध्यानात येतंय?

मी: मग चला, आत्ता ऐकू. लाईट अजून आहे, पंखाही चालू आहे.

आम्ही माजघरात गेलो. इन्व्हर्टर खिडकीखाली ठेवला आहे. उघडा दिसायला नको म्हणून सुताराकडून त्याला प्लायवूडची पेटी करून घेतलेली, पुढं दार. पेटीवर मामीचा विणलेला रुमाल, रुमालावर प्लास्टिकची फुलं. दार उघडल्याबरोबर तोंडावर गरम हवा आली. मी लाकडी फूटपट्टीचं एक टोक इन्व्हर्टरच्या पत्र्यावर टेकवलं आणि दुसरं कानापाशी धरलं. मामा बघत राहिला. इंजिनाच्या बेअरिंगला पेचकस लावून तो असंच ऐकायचा.

मामा: दे इकडं. … तीन आवाज आहेत.

मी: कोणते?

मामा: एक फर्रर्र. दुसरा मधूनच किर्र. आणि खाली कुठंतरी घूं… भुंग्यासारखा.

मी: बरोबर. फर्रर्र आहे तो पात्यांनी हवा कापल्याचा. किर्र पंख्याच्या बुशाचा. आतलं वंगण वाळलंय, वर धूळ बसलीय. आणि घूं हा पंख्याचा नाहीच. तो ट्रान्सफॉर्मरचा. आपल्या विजेची आवर्तनं सेकंदाला ५०. प्रत्येक आवर्तनात ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्या दोनदा ताणतात आणि सैलावतात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा. तीच गुणगुण. खाली प्लायवूडची पोकळ पेटी आहे, ती तबल्याच्या पुडीसारखी तो आवाज वाढवते. तीन आवाजांना तीन कारणं आहेत, म्हणून औषधंही तीन.

मामी: औषधं राहू द्या. पेटीवर गोधडी टाकली तर आवाज जाईल का नाही, एवढंच सांगा.

मी: आवाज थोडा जाईल, मग इन्व्हर्टर जाईल. पंखा कशासाठी आहे मामी? आतली उष्णता बाहेर टाकायला. कोंडलीत तर तीच गरम हवा तो पुन्हा पुन्हा ओढणार. आत कपॅसिटर नावाचे डबे असतात, त्यांचा ढोबळ हिशोब असा की १० अंश तापमान वाढलं की आयुष्य निम्मं. बॅटरीचंही जवळजवळ तसंच. आणि बॅटरी भरताना हायड्रोजन निघतो. हवेत तो ४ टक्क्यांवर गेला तर एक ठिणगी पुरते. म्हणून बॅटरीलाही पेटीत कोंडायचं नसतं.

मामा: शिवेपलीकडच्या वस्तीवर एकानं पंख्याची वायरच तोडली होती. महिनाभर घर कसं शांत. मग एक दिवस संध्याकाळी जळका वास. आतली पट्टी काळी ठिक्कर. म्हणून म्हणतो, बोलतंय ते बोलू द्यावं. आवाज दाबायला गेलं की यंत्र मुकाट मरतं.

मी: मला दाबायचा नाहीच आहे मामा. त्याला ओरडायची वेळ येऊ नये, एवढंच बघायचंय.

मामी: मग बाहेर गोठ्यात नेऊन ठेवा. आम्हीही झोपू, तुम्हीही भांडा.

मी: नेता येईल, पण दोन गोष्टी आहेत. गोठ्यात धूळ, भुसा, उंदीर. पंख्याची जाळी आठवड्यात भरेल. आणि बॅटरी घरात ठेवून नुसता इन्व्हर्टर बाहेर नेला तर मधली वायर लांबते. घरात ८०० वॅट चालले तर २३० व्होल्टच्या वायरीतून साडेतीन अँपिअर वाहतात, पण बॅटरीच्या १२ व्होल्टच्या वायरीतून ७० ते ८०. ती लांबली की तापते आणि व्होल्टेज वाटेतच खाते. न्यायचंच तर जोडी एकत्र न्यायची आणि घरात येणारी २३० व्होल्टची वायर लांबवायची. घरात जिन्याखाली हवेशीर जागा असेल तर ते चांगलं. तुमच्याकडं जिनाच नाही.

मामा: आणि गोठ्यात बॅटरीचं पाणी कोण बघणार? आत्ता जाता येता डोळ्यासमोर आहे म्हणून ही डिस्टिल्ड वॉटर घालते.

मी मोबाईल काढून आवाज मोजायचं अ‍ॅप लावलं. आजीच्या पलंगापाशी आकडा ४८ आणि ५० च्या मध्ये नाचत होता.

मी: मोबाईलचा आकडा तंतोतंत नसतो, पण अंदाज येतो. ध्वनिप्रदूषणाचे केंद्राचे नियम २००० साली झाले. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, अशी मर्यादा त्यांत आहे. ती घराबाहेरच्या वातावरणाची. झोपायच्या खोलीत तर ३० च्या आसपासच असावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि डेसिबलचं गणित सरळ वाढत नाही. १० नं वाढला की कानाला आवाज दुप्पट वाटतो.

मामा: मग रातकिड्यांवर पण खटला भर. पावसाळ्यात ते ह्याच्याहून जोरात असतात आणि तुझी आजी घोरत असते.

मी: कारण रातकिडे संध्याकाळपासून एका लयीत चालतात. हा मध्यरात्री, सगळं चिडीचूप असताना एकदम उठतो, आणि मधूनच किर्र करतो. कानाला आवाजाच्या उंचीपेक्षा त्याचं अचानक येणं जास्त टोचतं. इंजिनाच्या टुकटुकीत तुम्हाला झोप लागायची ती ह्यामुळंच.

मामा: ही गोष्ट खरी. बरं, मग पंखा हळू फिरव. रेग्युलेटर लाव.

मी: आता बोललात! पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण आवाज १५ डेसिबलनं उतरतो. थोडी हवा सोडली तर शांतता भरपूर मिळते. पण धोका आहे. वायरीत रेझिस्टर घालून पंखा हळू केला की फिरता पंखा फिरत राहतो, मात्र थांबलेला कमी व्होल्टेजवर उठत नाही. आणि तो उठला नाही हे रात्री कुणाला कळणार?

मामा: मग मोठा पंखा बसव.

मी: तो का म्हणून?

मामा: तुला कुकडीचा कालवा दाखवला होता ना? आवर्तन सुटलं की केवढं पाणी जातं, पण काठावर बसलं तर आवाज नाही. तेच पाणी चारीच्या अरुंद तोंडातून काढ, खळखळाट ऐकून घे. वाट रुंद केली की पाणी सावकाश जातं आणि तेवढंच जातं.

मी: मामा, हे आमच्या साहेबांना समजवायला मला तीन स्लाइड लागल्या होत्या. अगदी हेच. आत ८० मिलिमीटरचा पंखा आहे. तशाच घडणीचा १२० मिलिमीटरचा बसवला तर कागदावर एक तृतीयांश वेगातसुद्धा तेवढीच हवा निघते.

मामा: कागदावर.

मी: हो, कागदावर. प्रत्यक्षात पत्रा कापावा लागेल, मोठा पंखा हळू फिरताना हवेला रेटा कमी देतो, जाळी बारीक असली तर अडतो. वॉरंटी दोन वर्षांची होती, ती संपलीय, म्हणून उघडता येईल. पण त्याआधी एक विचारते. इन्व्हर्टर एवढा तापतोच का?

इथं आम्ही पुन्हा ओट्यावर आलो. मामीनं गरम भाकरी, ठेचा आणि ताक पुढं ठेवलं. भाकरी मोडता मोडता मी हिशोब मांडला.

मी: लाईट नसते तेव्हा तुमच्याकडं काय काय चालतं?

मामी: दोन पंखे, चार बल्ब. टीव्ही नाही लावत.

मी: पंखे जुने, ७५ वॅटचे. दोन मिळून १५०. बल्ब ९ वॅटचे, चार मिळून ३६. झाले १८६ वॅट. संध्याकाळी साडेसातपासून साडेबाराला लाईट येईपर्यंत हे चालतं, म्हणजे ५ तास. इन्व्हर्टरमधली गळती धरली तर बॅटरीतून ९५ अँपिअर-अवरच्या आसपास जातात. बॅटरी १५० ची. जेवढं काढलं त्याच्या वर थोडं भरावं लागतं, म्हणजे ११०. चार्जिंगचा करंट १५ अँपिअर. सात तासांच्या वर तो घाम गाळणार, तोही कोंडलेल्या पेटीत. त्याच्या मागं एक छोटं बटण आहे, चार्जिंग कमी-जास्त करायचं. ते कमीवर टाकलं तर करंट १० वर येतो. करंट एक तृतीयांशानं उतरला तरी तारेतली उष्णता निम्म्याहून कमी होते. पंख्याला ओरडायचं कारणच उरत नाही. एक पैसा खर्च नाही.

मामा: थांब. १० नं ११० भरायला किती तास?

मी: अकरा.

मामा: वस्तीवर शेतीची थ्री फेज लाईट किती तास असते?

मी: आठ.

मामा: मग रोज तीन तासांचं देणं बाकी राहणार. आठ दिवसांत बॅटरी उपाशी. अर्धपोटी बैल किती दिवस नांगर ओढंल? चाकणला चोवीस तास लाईट असते म्हणून तुला हे बटण दिसलं. आमच्याकडं लाईट आहे तेवढ्यात ओरपून घ्यावं लागतं.

इथं मी हरले. अर्धवट भरलेली लेड-अ‍ॅसिड बॅटरी तशीच राहिली की तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचे खडे घट्ट होतात आणि ती कायमची खंगते. हे मी पुस्तकात शिकले होते. मामानं ते बैलावरून ओळखलं.

मी: तुमचं बरोबर. नुसतं बटण दाबून चालणार नाही. पण हिशोब उलट्या बाजूनं धरला तर? बॅटरीतून कमी काढलं तर कमी भरावं लागेल. बीएलडीसी पंखे आलेत, ३० वॅटच्या आसपास घेतात आणि वारा तेवढाच देतात. दोन्ही पंखे बदलले तर १८६ चे ९६ वॅट होतात. पाच तासांत बॅटरीतून ५० जातील, भरायचे ६०. १० अँपिअरनं सहा तास.

मामा: आठाच्या आत.

मी: आठाच्या आत. आता बटण कमीवर टाकता येतं. इन्व्हर्टरचा आवाज छतावरच्या पंख्यापासून सुरू होतो मामा. आपण नको त्या पंख्याकडं बघत होतो.

मामा: आणि एका पंख्याला पैसे किती?

मी: तीन हजारांच्या आसपास.

मामा: सहा हजार रुपये खर्चून शांतता विकत घ्यायची!

मी: शांतता फुकट मिळतेय. सहा हजार बॅटरीच्या आयुष्याचे.

मामी: पंखे घ्या. मी लिंबाच्या पैशातले देते. पण हे मनापासून हो म्हणायचे नाहीत, सांगून ठेवते.

मी: का?

मामी: त्यांनाच विचार, बाज खिडकीखालीच का टाकतात.

मामा ताकाचा पेला हातात फिरवत राहिला. खरी गोष्ट बाहेर यायला ह्यानंतर बराच वेळ लागला. आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री, अशी शेतीच्या लाईटची पाळी असते. रात्रपाळीच्या आठवड्यात साडेबाराच्या पुढं कधी लाईट येईल ह्याचा नेम नाही. मोटर ऑटोवर असते, ती आपोआप चालू होते. पण पाणी आपोआप वाफ्यावाफ्यानं फिरत नाही. दारं धरायला माणूस लागतो. तो वेळेवर उठला नाही तर एक वाफा तुडुंब आणि बाकीचे कोरडे. मामा उन्हाळ्यात ओट्यावर, माजघराच्या खिडकीखाली बाज टाकून झोपतो. आतला इन्व्हर्टर भरायला लागला की तो उठतो. तीन वर्षं पंख्याची ती घरघर त्याचा कोंबडा होती.

मी: मग हे आधी का नाही सांगितलं? तासभर इंजिन आणि बैल सांगत बसलात.

मामा: ते खोटं थोडंच होतं? आणि हे सांगण्यासारखं काय आहे? म्हातारीची झोप मोडते हे मला कळतंय. पण ऊस वाळला तर सगळ्यांचीच मोडंल.

मी: खरी मागणी तर वेगळीच करायला हवी. दिवसा लाईट.

मामा: ती तर पहिली. २०१७ ला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना निघाली. पहिल्या प्रयोगांतला एक इथं शेजारी, पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीला. दिवसा उन्हाची वीज, दिवसा पाणी. जिथं आली तिथले लोक रात्री झोपतात. आमच्या लाईनीला येईल तेव्हा येईल. तोवर रात्री उसात एका हातात टॉर्च, एका हातात काठी, आणि मनात बिबट्या.

मामी: ह्यांना उठवायला यंत्र कशाला घर उठवतंय, एवढंच माझं म्हणणं. ह्यांच्यापुरतं काहीतरी करा.

ह्या एका वाक्यात तिनं आमच्या दोघांचं भांडण मिटवलं. मी आवाज किती डेसिबल आहे ते बघत होते, मामा त्यातून काय कळतं ते बघत होता. आवाज ऐकायची गरज कुणाला, हे फक्त मामीनं पाहिलं. पंखा तापल्याचं सांगत होता आणि लाईट आल्याचंही सांगत होता. दोन निरोप एकाच तोंडून, सगळ्या घराला, रात्रभर. तापल्याचा निरोप कारणाशीच मिटवायचा होता. लाईट आल्याचा निरोप फक्त ओट्यावरच्या बाजेपर्यंत पोचायला हवा होता, आणि तोही एकदाच.

मी: मामा, बाजेच्या वर, पडवीच्या वाशाला एक बल्ब लावू. इन्व्हर्टरवर नाही, बाहेरून येणाऱ्या लाईनीवर. बटण कायम चालू ठेवायचं. लाईट आली की तोंडावर लाईट लागेल.

मामा: लाईट आली की लाईट लागेल! ह्याला इंजिनिअर लागतोय होय?

मी: तीन वर्षांत कुणाला सुचलं नाही ते?

मामा: उजेडानं जाग येईल का पण?

मामी: चांदण्यानं येते तुम्हाला. पुनवेला रात्रभर कुरकुरता, डोळ्यावर उजेड येतोय म्हणून.

दुसऱ्या दिवशी श्रीगोंद्याला जाऊन आम्ही दोन छतपंखे आणले, आणि इन्व्हर्टरच्या आतला छोटा पंखाही, जुन्याच मापाचा पण बॉलबेअरिंगचा. मोठ्या पंख्याचा नाद सोडला. उष्णताच कमी होणार होती, तर पत्रा कापायचा कशाला, असं मामा म्हणाला. मला वाद घालावासा वाटला नाही.

आधी मेन बंद केला, मग बॅटरीच्या वायरी सोडल्या. कपॅसिटरमधला साठा उतरायला थोडा वेळ दिला आणि मग झाकण उघडलं. आत धुळीचा थर होता, आणि त्यावर पाचट जाळतात त्या दिवसांतली काळी काजळी. जाळीची अर्धीअधिक भोकं बुजलेली. पात्यांच्या कडेवर धुळीची मिशी वाढली होती, ती प्रत्येक पात्यावर वेगळ्या जाडीची. म्हणून पंखा तोल सोडून थरथरत होता. मी पातं बोटानं धरून ठेवून रंगाच्या ब्रशनं सगळं झाडलं. नवा पंखा बसवताना त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण दोनदा बघितला. उलटा बसला असता तर आवाज तोच राहिला असता आणि हवा चुकीच्या बाजूनं गेली असती.

पेटी मामीनं धान्याच्या डब्यांसाठी मागून घेतली. तिच्या जागी मामानं एक शहाबादी फरशी मांडली. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे चार तुकडे कापून इन्व्हर्टरच्या पायांखाली सारले. वीतभर जागा मागं, वीतभर दोन्ही बाजूंना. वरचा रुमाल गेला, फुलंही गेली. चार्जिंगचं बटण कमीवर टाकलं. ते टाकण्याआधी मामानं तासांचा हिशोब मला पुन्हा एकदा करायला लावला, भिंतीवर कोळशानं. शेवटी पडवीच्या वाशाला बल्ब लागला.

त्या रात्री मी माजघरात मुद्दाम जागी राहिले. बारा वाजून चाळीस मिनिटांनी खिडकीच्या गजांतून पिवळा उजेड आत पडला. पंखा लगेच सुरू झाला नाही; ह्या इन्व्हर्टरचा पंखा उष्णता बघून चालू होतो आणि अजून तेवढी उष्णता नव्हती. त्या शांततेत मला एक आवाज नव्यानं ऐकू आला. ट्रान्सफॉर्मरची घूं, रबरावर आणि दगडावर टेकल्यानं पुष्कळ बारीक झालेली. तो आवाज आधीही होता, पंख्याखाली झाकला गेला होता. एक आवाज उचलला की त्याच्या खालचा दिसतो, हे कारखान्यात आम्हाला रोज भेटतं. कितीही उचलत गेलं तरी खाली काहीतरी असतंच. कुठं थांबायचं ते आपण ठरवायचं. आजी गाढ झोपली होती. मी तिथं थांबायचं ठरवलं.

बाहेर बाज करकरली. मामा उठला, पायताण घातलं, काठी घेतली. मग जाता जाता आत आला. मी जागी आहे हे त्याला अंधारात दिसलं नाही. इन्व्हर्टरपुढं वाकून त्यानं पंख्याच्या जाळीशी हात धरला, बाजारात बैलाच्या नाकाशी धरतात तसा. थोडा वेळ तसाच थांबला. तेवढ्यात आत बारीकशी फर्र झाली आणि पंखा फिरू लागला. मामानं हात काढला आणि दारं धरायला उसाकडं निघून गेला.